बरण्यांतले फॉर्मेलिन कोणी बदलायचे?

पत्र असे आहे :

‘मॅडम, मी एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. पुढच्या महिन्यात नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायची आहे. आमच्या विभागाच्या म्युझियममध्ये फॉर्मेलिनमध्ये प्राण्यांचे नमुने ठेवलेल्या दीडशेच्या वर जुन्या बरण्या आहेत. कुणाचे पाणी निम्म्यावर आले आहे, कुणाचे पिवळे पडले आहे. मी आणि आमचे प्रयोगशाळा परिचर मामा यांनी मिळून सगळ्या बरण्या उघडायच्या आणि त्यांतले फॉर्मेलिन बदलायचे, असे विभागप्रमुख सरांनी सांगितले. दोन दिवस आम्ही ते केले. डोळ्यांतून सारखे पाणी, घशात खवखव, रात्री डोके जड. मामा तर उघड्या हातांनी बेडूक काढतात. म्हणतात, “सवय होते, मॅडम.” मला दुसरा महिना सुरू आहे. कॉलेजात कुणाला सांगितलेले नाही, कारण सांगितले तर पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही याची धास्ती वाटते. सरांना एवढेच म्हणाले की त्रास होतोय, तर ते म्हणाले, “मग मामांना करू दे, त्यांना काही होत नाही.” बाळाला काही झाले असेल का? हे काम नीट करायचे तर कसे करायचे? आणि नाही म्हणायचे तर काय सांगून? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, एकेरीतच लिहा.’

बाळा,

आधी तुझ्या पोटातल्या जिवाचे बोलू, बाकीचे मग. दोन दिवसांच्या कामाने बाळाला काही झाले असेल, असे मानून रात्री जागू नकोस. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू. बाटलीतून उठतो तो हाच. तो इतका उतावळा आहे की ज्या ओल्या त्वचेला प्रथम भेटतो तिलाच चिकटतो. नाक, घसा, डोळे यांच्या अस्तरावरच त्याचा बहुतेक भाग संपतो. आपल्या पेशीही रोजच्या व्यवहारात थोडे फॉर्मल्डिहाइड तयार करत असतात आणि शरीर ते लगेच मोडते. त्यामुळे श्वासातून आलेल्या वायूने रक्तातले त्याचे प्रमाण फारसे वाढलेले दिसत नाही. हे तुला धीर यावा म्हणून सांगते आहे, पुन्हा बरण्या उघडाव्यास म्हणून नाही. फिनलंडमध्ये प्रयोगशाळांत काम करणाऱ्या स्त्रियांची एक पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातले तीन किंवा जास्त दिवस फॉर्मेलिन हाताळणाऱ्यांमध्ये गर्भपाताचे प्रमाण जास्त आढळले होते. अशा स्त्रियांच्या हातून इतरही द्रावणे जात असतात, म्हणून सगळा दोष एकट्या फॉर्मेलिनच्या माथी मारता येत नाही. पण पोटात बाळ असताना एवढी शंका मला पुरेशी वाटते. उद्यापासून तू एकही बरणी उघडायची नाहीस. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना सरळ सांग, ‘दोन दिवस फॉर्मेलिनमध्ये काम केले, इतके तास, खोली अशी होती.’ त्या तुझ्या कागदावर नोंद करतील.

आता मामांचे ‘सवय होते’. हे वाक्य मी तीस वर्षे शरीररचनाशास्त्राच्या विभागांत ऐकले आहे, आणि तरुणपणी त्यावर विश्वासही ठेवला. नाकाला वासाची सवय होते, हे अगदी खरे आहे. सकाळी खोलीत शिरताना डोळे चुरचुरतात आणि तासाभराने काहीच वाटेनासे होते. हवेतला वायू मात्र तेवढाच असतो, कित्येकदा वाढलेलाही असतो. बहुतेकांना हा वास हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे एक पीपीएम, याच्या आसपास किंवा थोडा आधी जाणवतो. अमेरिकेतल्या कायद्यात आठ तासांच्या कामासाठी सरासरी मर्यादा ०.७५ पीपीएम आहे आणि पंधरा मिनिटांसाठी २ पीपीएम. तिथल्याच व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेचा सल्ला आणखी कडक आहे. तिच्या मते पंधरा मिनिटांतही ०.१ पीपीएमच्या वर जाऊ नये. म्हणजे वास आला तेव्हा मर्यादा जवळ आलेली किंवा ओलांडलेली असू शकते. डोळ्यांतून पाणी वाहत असेल तर विचारायलाच नको.

कर्करोगाचा भाग मी मऊ शब्दांत सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात टाकले. माणसाला कर्करोग होतो असा पुरेसा पुरावा ज्यांच्याबद्दल आहे त्यांचा हा गट. आधी पुरावा होता नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचा. काही वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाचाही जोडला गेला. हा धोका वर्षानुवर्षे रोज वाफ घेणाऱ्यांचा, दोन दिवसांचा नव्हे. म्हणूनच या सगळ्या गोष्टीत मला तुझ्याइतकीच मामांची काळजी वाटते.

या रसायनाचा स्वभाव एका जुन्या गोष्टीतून चांगला कळतो. १८९३ साली फ्रँकफुर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होते. काम करता करता त्यांच्या लक्षात आले की आपल्या बोटांची कातडी टणक झाली आहे, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या मांसासारखी. मग त्यांनी ऊतींचे तुकडे त्यात टाकून पाहिले. जगभरचे पॅथॉलॉजी विभाग आज जे फॉर्मेलिन वापरतात त्याचा उगम हा. प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये ते छोटे छोटे पूल बांधते, त्या जखडतात, आणि मग जंतूंना ते मांस कुजवता येत नाही. बरणीतला बेडूक चाळीस वर्षे टिकतो तो याच गुणामुळे. मामांच्या उघड्या बोटांवर, तुझ्या डोळ्यांच्या पृष्ठभागावर, नाकाच्या अस्तरावर ते हेच करते. त्याला मेलेला बेडूक आणि जिवंत बोट यातला फरक कळत नाही.

माझे स्वतःचे सांगते. एका महाविद्यालयात मी नवीन प्रात्यक्षिक-शिक्षिका होते. तिथे मेडिकलच्या दुकानातून आणलेले पांढरे, पातळ रबरी हातमोजे मिळत आणि एकच जोडी आठवडाभर धुऊन वापरायची पद्धत होती. दुसऱ्या वर्षी माझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मग खाज, मग पाणी सुटू लागले. त्वचारोगतज्ज्ञांनी चाचणी केली. फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी निघाली. ती आजतागायत गेलेली नाही. न चुरगळणारे नवे कापड न धुता अंगाला लागले तरी मानेवर पुरळ येतो, कारण तशा कापडाच्या प्रक्रियेत हेच रसायन असते. ही ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा स्पर्शालाही शरीर पेटून उठते. काहींना हातांऐवजी दमा होतो. ‘सवय’ झालेल्या माणसाचे शरीर नेमके या उलट वाटेने गेलेले असू शकते.

आता तुझ्या बरण्या. मला सर्वांत आधी वाटते ते हे की दीडशे बरण्या उघडायचे कारणच नाही. झाकण घट्ट आहे, पाणी वरपर्यंत आहे, नमुना दिसतो आहे, अशी बरणी बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, लेबल नवीन लावा, आणि सोडून द्या. बंद बरणीचा कुणाला त्रास नाही. पाणी थोडे पिवळे असले म्हणून समिती गुण कापत नाही. ज्यांची पातळी उतरली आहे किंवा झाकण गळते आहे तेवढ्याच वेगळ्या काढा. माझ्या अनुभवाने त्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरत नाहीत. आणि ज्या सुकून गेल्या आहेत, ज्यांच्या तळाशी पांढरा खडूसारखा थर बसला आहे, त्या मुळीच खरवडायच्या नाहीत. तो थर पॅराफॉर्मल्डिहाइडचा असतो. थंडीत ठेवलेल्या किंवा फार जुन्या फॉर्मेलिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तो बनतो. कोरडा खरवडला की त्याची धूळ नाकात जाते, तापवला की पुन्हा वायू सुटतो. म्हणून तर फॉर्मेलिनची बाटली फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. सुकलेली बरणी झाकणासकट घातक कचऱ्यात काढायच्या यादीत घाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातले विच्छेदन २०१४ सालीच बंद करायला सांगितले आहे. त्या काळातल्या मुशी (लहान शार्क) आणि बेडकांच्या वीस-वीस प्रती ठेवून आता कोणाला काय शिकवायचे आहे? एकेक चांगला नमुना ठेवा.

शंख, शिंपले, तारामासे, सागरी अर्चिन यांच्या बरण्या वेगळ्या पाहा. फॉर्मेलिन जुने झाले की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते चुन्याचे कवच हळूहळू खाते. असे नमुने फॉर्मेलिनमध्ये ठेवणेच चूक. ते, आणि इतरही चांगले नमुने, पाण्याने दोन दिवस वारंवार धुऊन तीस, पन्नास, मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये नेता येतात. अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना पाहावा लागतो आणि आगीपासून जपावे लागते, पण त्याची वाफ फॉर्मेलिनच्या वाफेसारखी कर्करोगकारक मानली जात नाही. नॅकच्या आधी हे जमणार नाही. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात मात्र जरूर घाला.

उरलेल्या बरण्यांचे काम कोणी करायचे? जो गरोदर नाही, ज्याला दमा नाही, आणि ज्याच्या अंगावर पुरेसे संरक्षण आहे त्याने. मामांनीही संरक्षणाशिवाय नाही. ‘मामांना करू दे’ या वाक्यावर तू मान डोलावली नाहीस, त्रास वाटला म्हणून मला लिहिलेस, हे मला फार बरे वाटले.

संरक्षण म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण खरेदीची यादी तुलाच करावी लागणार. हातमोजे नायट्राइलचे, निळे येतात ते, दोन-दोन एकावर एक. फाटले, भिजले की बदलायचे आणि दिवसाअखेर टाकून द्यायचे. पातळ पांढऱ्या रबरी मोज्यांवर भरवसा ठेवायचा नाही. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल. नेहमीचा चष्मा पुरत नाही, कॉन्टॅक्ट लेन्स तर त्या दिवशी घालायच्याच नाहीत. पुढे प्लास्टिकचे ॲप्रन, पायात बंद बूट. तोंडाला शस्त्रक्रियेचा मास्क, ओला रुमाल किंवा एन-९५ बांधून काम होणार नाही. ती साधने धूळ आणि थेंब अडवतात, वायू त्यांच्यातून सहज जातो. फॉर्मल्डिहाइडसाठी वेगळे कार्ट्रिज, म्हणजे वायू शोषून घेणारी डबी, असलेला रबरी मास्क मिळतो. कार्ट्रिजच्या वेष्टनावर फॉर्मल्डिहाइडचे नाव पाहूनच घ्यायचा. तो मिळत नसेल तर काम उघड्या हवेतच करायचे.

हवा हा खरा प्रश्न. रसायनशास्त्र विभागात फ्यूमहूड, म्हणजे पंख्याने वाफ बाहेर ओढणारी काचेची बंदिस्त पेटी, असेल तर आधी त्यातली जुनी रजिस्टरे आणि रिकाम्या बाटल्या बाहेर काढायला सांगा. बऱ्याच ठिकाणी मी त्याचे कपाट झालेले पाहिले आहे. पंखा सुरू करून काचेच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरा. ती आत ओढली गेली तरच तो काम करतो आहे. फ्यूमहूड नसेल तर मागचा व्हरांडा किंवा झाडाखालची मोकळी जागा, विद्यार्थ्यांच्या वाटेपासून दूर, वारा पाठीवर घेऊन. छताचा पंखा वाफ खोलीभर फिरवतो, बाहेर काढत नाही, म्हणून तो बंद. आणि वेळ सकाळची. फॉर्मल्डिहाइड उणे १९ अंशालाच उकळते. म्हणजे ते पाण्यात कसेबसे धरून ठेवलेले असते आणि जितके ऊन तापेल तितके जोरात सुटते. तुमच्याकडचा दुपारचा उन्हाळा मला ठाऊक आहे. सात ते नऊ काम करा, एका वेळी दहा बरण्या, मग थांबा.

भरायचे द्रावणही मोजून करा. बाजारातल्या बाटलीत ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असते आणि घट्ट होऊ नये म्हणून थोडे मेथॅनॉल घातलेले असते. त्यामुळे ती पेट घेऊ शकते. जवळ बर्नर नको. ‘दहा टक्के फॉर्मेलिन’ म्हणजे त्या बाटलीतले एक माप आणि पाण्याची नऊ मापे. त्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड चारच टक्के असते. जुन्या माणसांचा हात सढळ असतो, ‘जास्त घातले की जास्त टिकेल’ म्हणून. टिकत काही जास्त नाही, वाफ मात्र वाढते. आधी पाणी घ्यायचे, मग त्यात बाटलीतले ओतायचे, सावकाश, आणि बाटलीचे झाकण लगेच लावायचे.

बाळा, पुढचे मामांना समोर बसवून सांग, कारण ही चूक त्यांच्याच हातून व्हायची शक्यता आहे. बरणीवरचे पांढरे डाग काढायला पुष्कळ जण संडास धुवायचे ॲसिड वापरतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. फॉर्मल्डिहाइड आणि या आम्लाची वाफ एकत्र आली तर बिस-क्लोरोमिथाइल ईथर नावाचे, फॉर्मल्डिहाइडपेक्षा कितीतरी प्रखर कर्करोगकारक तयार होऊ शकते. या दोन बाटल्या एका फळीवरही नकोत. बरणी आधी थंड पाणी भरून, झाकण लावून रात्रभर ठेवायची, ते पाणी कॅनमध्ये काढायचे, मग साबण. सांडलेल्यावर ब्लीचिंग पावडर टाकायची नाही. आणि कुणी ‘खोली निर्जंतुक करू’ म्हणून फॉर्मेलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायचे सुचवले तर ठाम नकार द्यायचा. दवाखान्यांत शस्त्रक्रियेच्या खोल्या अशा धुरी देऊन बंद करायची पद्धत होती म्हणून ते लोकांच्या डोक्यात आहे. ते मिश्रण आपोआप तापून उकळते आणि एका झटक्यात खोली वायूने भरते.

कप-दोन कप सांडले तर जुने वर्तमानपत्र किंवा वाळू टाकून शोषून घ्या, दुहेरी पिशवीत घट्ट बांधा, मग फरशी भरपूर पाण्याने. मोठी बरणी फुटली तर सगळ्यांनी बाहेर, खिडक्या उघड्या, तासभर आत कोणी नाही. डोळ्यांत उडाले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून नळाच्या संथ धारेखाली पूर्ण पंधरा मिनिटे. घड्याळ लावून, कारण माणूस दोन मिनिटांत ‘बरे वाटते’ म्हणून थांबतो. नंतर थेट नेत्रतज्ज्ञांकडे. पोटात गेले तर उलटी काढायची नाही, तसेच रुग्णालयात न्यायचे, बाटली बरोबर घेऊन. पाण्याच्या बाटलीत फॉर्मेलिन भरून ठेवण्याची सवय कुठे दिसली तर त्याच दिवशी ती बाटली बदला.

जुने फॉर्मेलिन बेसिनमध्ये ओतू नका. तालुक्याच्या कॉलेजात बेसिनचे पाणी बहुधा सेप्टिक टाकीत जाते. तिथले जंतू मेले की टाकीच बंद पडते, आणि शोषखड्ड्यातून ते जमिनीत, बोअरवेलच्या दिशेने उतरते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकाऊ फॉर्मेलिनचा रासायनिक द्रव कचरा म्हणून नावानिशी उल्लेख आहे. कॉलेजने ते जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून, वर नाव आणि तारीख लिहून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला विचारावे. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी अधिकृत केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत.

आता तुझा तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यांत अवघड वाटतो. तासिका तत्त्वावरच्या माणसाचे ‘नाही’ किती महाग पडू शकते, हे मला माहीत आहे. म्हणून तू एकटीसाठी मागू नकोस, आणि गरोदरपण आत्ता सांगायचे नसेल तर सांगू नकोस. बाटलीवरच्या लेबलचा फोटो काढ. त्यावर आरोग्याला धोका असल्याचे चिन्ह आणि कर्करोगाचा इशारा छापलेला असतो. तो जोडून विभागप्रमुखांना एक साधा अर्ज दे, प्रत प्राचार्यांना. मजकूर असा ठेव : ‘म्युझियममधील बरण्यांची पाहणी करून त्यांची तीन गटांत यादी केली आहे. फॉर्मेलिन हे कर्करोगकारक म्हणून नोंदलेले रसायन असल्याने, विभागातील सर्वांच्या सुरक्षिततेसाठी, सोबतच्या यादीतील साहित्य उपलब्ध होईपर्यंत बरण्या उघडण्याचे काम थांबवावे, ही विनंती. यादी, लेबले व नोंदवही पूर्ण करण्याची जबाबदारी मी घेते.’ शेवटचे वाक्य गाळू नकोस. त्याने तुझ्या वाटणीला बंद बरण्यांचे, कागदाचे काम येते, आणि काम टाळलेस असे कुणाला म्हणता येत नाही. यादीचे काम दुसऱ्या खोलीत बसून कर, बरण्यांचे फोटो मोबाइलवर मागवून.

सर कुरकुरले तर त्यांना हेही सांग की नॅकच्या मूल्यांकनात कॉलेज कचऱ्याची विल्हेवाट कशी लावते, हेही पाहिले जाते. तारखा घातलेले कॅन, मंडळाला लिहिलेल्या पत्राची प्रत आणि मोज्यांची पावती समितीपुढे ठेवता येईल. ताजे फॉर्मेलिन भरलेल्या, उग्र वास येणाऱ्या खोलीत समितीला फिरवण्यापेक्षा ते त्यांच्याच हिताचे आहे. तरीही ऐकले नाही तर मग गरोदरपण सांग आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोड. त्या वेळी तासांचा विचार करू नकोस. पुढच्या वर्षीच्या तासांचे आपण पुढच्या वर्षी भांडू. मला पुन्हा लिही, तो अर्ज आपण मिळून करू.

मामांना एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठव. बोटांना भेगा असतील, नखे जाड आणि पिवळी झाली असतील, सकाळी नाकातून रक्ताची रेघ येत असेल किंवा खोकला महिनोन्‌महिने जात नसेल, तर ‘मी इतकी वर्षे फॉर्मेलिनमध्ये काम करतो’ हे त्यांनी स्वतःहून सांगायचे. डॉक्टर विचारतीलच असे नाही. एका चिठ्ठीवर तू लिहून दिलेस तर उत्तम, कारण आत गेल्यावर मामा ‘काही नाही, थोडी खाज येते’ एवढेच म्हणतील.